पहिला पेला जमिनीला

पोटाखाली जाळ असताना गोष्ट सांगायची म्हणजे जिवावर येतं, मित्रांनो. पण आता गप्पही बसवत नाही. मी ड्रम आहे. लोखंडी, जुना, एका अंगाला पोचा आलेला, आतून काळा आणि बाहेरून त्याहून काळा. आमच्या खाडीकाठच्या गावात माझ्या वयाचा दुसरा ड्रम उरलेला नाही. बाकीचे गंजले, त्यांची कोंबड्यांची खुराडी झाली. सुटले बिचारे.

गावातली पोरं माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "याच ड्रमाने सेलासीचे डोळे खाल्ले."

साफ खोटं आहे. सगळं सांगतो, मग तुम्हीच ठरवा कोणी काय खाल्लं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला मला माहीत नाही. पत्रा वाकवला, जोडला, रंग फासला, झालं. त्याचं काय कौतुक सांगायचं? मला पहिलं आठवतं ते तेमा बंदर. पोटात पामतेल, डोक्यावर ऊन. एका साबणवाल्याने तेल काढून घेतलं आणि मला भिंतीशी फेकून दिलं. तिथे एक माणूस आला. कलिंगड वाजवून बघतात ना, तसं त्याने मला बोटाने वाजवून बघितलं आणि म्हणाला, "हा चालेल." तो सेलासीचा आणि त्याच्या बहिणीचा, एन्योनामचा, बाप. लॉरीच्या टपावर बांधून मला या गावात आणलं.

त्याने माझ्या डोक्याला भोक पाडून तांब्याची नळी बसवली. एका फुटक्या होडीत पाणी भरलं आणि नळी त्या पाण्यातून पलीकडे काढली. माझ्या पोटात ताडी उकळायची, वाफ नळीत जायची, होडीतल्या पाण्याने गार व्हायची आणि पलीकडे टपटप दारू पडायची. हेच माझं काम. कितीतरी वर्षं केलं. बारसं असो, लग्न असो, मयत असो, आमच्याकडे दारूशिवाय काही हलत नाही, आणि दारू माझ्याशिवाय हलत नव्हती. लोक माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "वा! याच्या दारूला धूर लागत नाही." मीही फुगायचो. फुगलेला ड्रम कसा दिसतो माहीत आहे? मूर्ख दिसतो.

एक रीत सांगतो, नीट ऐका. नळीतून पडलेला पहिला पेला आमच्याकडे कोणी पीत नाही. तो जमिनीला. गावातला सगळ्यात मोठा म्हातारा, त्याला टोग्बे म्हणतात, चपला काढून उभा राहतो, खांद्यावरचं कापड कमरेला गुंडाळतो, मेलेल्यांची नावं घेत घेत पेला मातीवर ओततो. तळाशी घोटभर उरते ती स्वतः पितो. कारण आपण पिणार नाही ते मेलेल्यांना द्यायचं नाही. आणि मेलेल्यांनी घेतलं ते जिवंत माणसाने नाकारायचं नाही. अशी ती रीत. मला तेव्हा चांगली वाटायची.

मग बाप गेला. मागे दोन पोरं. थोरला सेलासी आणि धाकटी एन्योनाम. सेलासीला ती एफो म्हणायची, म्हणजे दादा. हा एफो मासे पकडायचा, गायचा, हसरा होता. पण बाप गेल्यावर भट्टी त्याच्या हाती आली आणि तो नळीच्या तोंडाशीच राहायला गेला. खरंच सांगतो, उताणा पडायचा आणि धार सरळ तोंडात. जाळी विकली, वल्ही विकली, बायको माहेरी गेली ती परत आली नाही.

"एफो, ऊठ. अंगावर माश्या बसल्यात."

"धार थांबली की उठतो."

"धार कशी थांबेल? तूच तर लाकडं घालतोस."

"मग तू थांबव की, एन्यो! मोठी आलीस शिकवायला."

एन्योनामने पायाने जळती लाकडं बाहेर ओढली आणि होडीतलं पाणी बादलीने माझ्या जाळावर ओतलं. माझा पत्रा असा कडकडला की मला वाटलं फुटलो. सगळ्या गावासमोर ती ओरडली, "आजपासून या ड्रमातून प्यायचा एक थेंब निघणार नाही. मला भाऊ पाहिजे, दारू नको."

गाव हसलं. मीही मनात हसलो. म्हटलं, मग माझ्यातून काय काढणार, सूप?

तिने काढलं ते सांगतो. आमच्या गावात बायका गारी करतात. तुमचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा सोलायचा, किसायचा, पिळायचा आणि मोठ्या कढईत भाजायचा, ती गारी. भाजताना लाकडाचा धूर असा की बायकांचे डोळे कायम लाल. आणि सोललेल्या सालींचा ढीग गावाबाहेर. थोड्या वाळवून बकऱ्यांना घालायच्या, उरलेल्या सडायच्या. वास म्हणाल तर मेलेला मासा बरा.

शहरातून एक स्टोव्हवाला यायचा, ओफोसू नावाचा. त्याच्याकडे स्पिरिटवर चालणारे मोठे स्टोव्ह होते, धूर नाही, काजळी नाही. पण स्पिरिट महाग आणि लांबून आणायचं. एन्योनामने त्याला विचारलं, "सालीतून काढलं तर?" तो म्हणाला, "निघतं. गोड करता आलं पाहिजे."

ते बायकांना येतंच होतं. मक्याला मोड आणायचे, वाटायचे, शिजवलेल्या सालींच्या लगद्यात कालवायचे, की पिठूळ लगदा गोड होतो. त्यात ताडीचा गाळ टाकून झाकून ठेवायचं, की फसफसतो. तो सडवा माझ्या पोटात. एकदा उकळला की पांचट दारू. तीच पुन्हा उकळली की असं स्पिरिट की काडी लावली तर भक्कन पेटेल.

आब्ला नावाची एक बाई आहे, तिची जीभ म्हणजे सुरी. ती कमरेवर हात ठेवून बघायला आली.

"काय गं, कचऱ्याची दारू काढतेस? आता बकऱ्या पिऊन गाणी म्हणणार म्हणायच्या."

"दारू नाही, आब्ला. जळण आहे."

"जळण? आग कुठे दिसतेय तुझ्या स्टोव्हमध्ये?"

"पेटलाय तो. हात नको लावू—"

लावलाच. स्पिरिटची आग उजेडात दिसतच नाही, पण भाजते चांगली. आब्ला बोटं तोंडात घालून नाचली आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मग आब्लाने तिथेच कढई चढवली आणि गारी भाजली, आणि भाजून झाल्यावर डोळे पुसायला पदर वर नेला तर डोळे कोरडे! ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "अगंबाई, मी रडलेच नाही आज."

मित्रांनो, माझी खूप स्तुती झाली आयुष्यात, पण तेवढी एक मला खरी वाटते.

आणि सेलासी? तो माझा जाळ सांभाळायला लागला. आधी हात थरथरायचे, रात्री घाम फुटायचा, दोनदा पळून गेला, दोनदा एन्योनाम शोधून घेऊन आली. मग बसला. दारू काढणारे धार जिभेवर घेऊन पारखतात. याने ते सोडलं. हा बोट बुडवायचा, बोटाला काडी लावायचा, आणि बोट कसं पेटतं त्यावरून सांगायचा, अजून पाणी आहे की नाही. जिभेवर कधीच नाही. गावातले म्हणायचे, "सेलासीची जीभ सुटली आणि बोट अडकलं." तोही हसायचा. जाळं विणायला घेतलं होतं त्याने पुन्हा. बायकोला निरोपही धाडला होता.

ओफोसूने एक गोष्ट बजावली. स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात एक निळं औषध मिसळायचं. त्याने कॅनच दाखवला. "हे विष आहे. प्यायलं तर डोळे जातात, माणूसही जातो. रंग यासाठी की लांबून कळावं." एन्योनामने घरोघर जाऊन सांगितलं. कॅनवर कवटी काढली. कवटी जरा भोपळ्यासारखी झाली होती, पण कळत होती.

सगळं नीट चाललं होतं. मग टोग्बे आला.

चपला शेडच्या दाराशी काढल्या, म्हणजे रीतीवरून भांडायलाच आला होता. म्हणाला, "एन्योनाम, तुझ्या बापाचा ड्रम चालतोय आणि तुझ्या बापाला पेला नाही?"

"टोग्बे, हे प्यायचं नाही. स्टोव्हचं आहे."

"ड्रम तोच ना? नळी तीच ना? मग पहिला पेला कोणाचा?"

"पण तुम्ही रॉकेल ओतता का कधी जमिनीला?"

"रॉकेल तुझ्या बापाच्या नळीतून येतं का? तोंड वर करून बोलतेस. उद्या खाडी आटली, कसावा किडला, तर मेलेल्यांना काय सांगू? की पोरीला वेळ नव्हता?"

मागे उभ्या असलेल्या बायका एकेक पाऊल मागे सरल्या. कसावा किडला हे ऐकल्यावर कोणाची छाती होणार? एन्योनामने सेलासीकडे बघितलं. तो म्हणाला, "देऊन टाक. निळं मिसळायच्या आधीचं दे. एक पेला तर आहे."

दिला. टोग्बेने खांदा उघडा केला, नावं घेतली, ओतलं. आणि रीतीप्रमाणे उरलेला घोट तोंडात टाकला. दोनदा उकळलेलं स्पिरिट होतं ते! म्हातारा असा उडाला की त्याची काठी माझ्यावर आपटली. "हाऽऽ! ही तर नागीण आहे!" डोळ्यांतून पाणी, पण चेहऱ्यावर हसू. अख्ख्या गावाने बघितलं. मेलेल्यांनी घेतलं, टोग्बेने घेतलं, काही झालं नाही.

एन्योनाम पुन्हा पुन्हा सांगत होती की हे निळं मिसळायच्या आधीचं होतं. कोणी कान दिला नाही. लोकांना जे बघायचं होतं ते त्यांचं बघून झालं होतं.

उत्तरेचा धुळीचा वारा सुरू झाला त्या दिवसांत टोग्बेची थोरली बहीण वारली. मोठं घर, मोठी मयत, आमच्याकडे ती अनेक दिवस चालते. लाल-काळी कापडं, ढोल, नाच, लांबलांबून माणसं. पूर्वी अशा मयतीची दारू माझ्यातून जायची. आता बाहेरगावाहून आणली होती, आणि दुसऱ्या दिवशीच संपली. एन्योनाम सगळ्या बायकांबरोबर मागच्या अंगणात शेकडो माणसांचं रांधत होती. शेडमध्ये मी आणि सेलासी. मधे एक पपईचं झाड, त्याच्या पलीकडे मयतीचा मांडव. मला सगळं दिसत होतं.

टोग्बेचा पुतण्या बेसा आला. मोठ्या आवाजाचा माणूस. सरळ कॅनच उचलला.

"ए बेसा, ठेव ते. ते स्टोव्हचं आहे."

"माहीत आहे. टोग्बेला विचारलंय."

"निळं आहे ते! विष आहे!"

"निळं काढता येतं, राजा. विहिरीचं गढूळ पाणी कोळशातून गाळतो ना आपण? तसंच."

आणि गाळलं त्याने. टोपलीत कुटलेला कोळसा, खाली भांडं. वरून निळं ओतलं, खालून पाण्यासारखं स्वच्छ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेसा भांडं उंच धरून म्हणाला, "बघा, विष कोळशाने खाल्लं! आता खाली उरलं ते टोग्बे प्यायले होते तेच!"

मी ड्रम आहे. मला तोंड आहे पण आवाज नाही. असता तर मी अख्खी खाडी जागी केली असती. रंग गेला होता, मित्रांनो. नुसता रंग. विषाला कुठला रंग असतो?

सेलासी धावत मांडवात गेला. "पिऊ नका. एन्योला विचारा आधी."

"घ्या!" बेसा ओरडला. "याची बायको पळाली, आता हा बहिणीला विचारून पाणी पितो."

"हसा. पण मी सांगतो ते—"

"अरे, टोग्बे प्यायले तेव्हा तू तिथेच होतास ना? मेले का ते?"

पेला फिरायला लागला. टोग्बेने ओठ लावला, म्हाताऱ्याला आता पोटात ठरत नव्हतं, त्यामुळे ओठच लावला. बेसाने घटाघट घेतला. पेला सेलासीपर्यंत आला. त्याने पुढच्याला दिला. परत फिरून आला. त्याने मान हलवली. ढोल थांबले.

टोग्बे बसल्या जागेवरून बोलला. ओरडला नाही, हळू बोलला, आणि तेच वाईट. "माझ्या बहिणीने तुला पाठीवर बांधून वाढवलं. तुझी आई आजारी होती तेव्हा. तिच्या नावाचा पेला तू परत करतोस?"

"टोग्बे, मी सोडलंय. तुम्हाला माहीत आहे."

"सोडलंस ते आपल्यासाठी सोडलंस. हा तिच्यासाठी आहे. मेलेल्यांनी घेतलं ते तुला चालत नाही? तू कोण मोठा?"

सगळे बघत होते. तो उभा होता आणि हात लोंबत होते. कोणीतरी, बहुतेक बेसानेच, त्याचा हात उचलला, बोटं उघडली आणि पेला त्यात कोंबला. बोटं मिटून दिली, लहान मुलाची मिटतात तशी.

सेलासी प्यायला. आणि एकदा प्यायला की त्याला थांबणं ठाऊक नव्हतं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी काही झालं नाही. हेच त्या विषाचं हलकटपण. सगळे नाचले. एन्योनामला कळलं तेव्हा मांडव रिकामा होत आला होता. ती भावाला धरून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये आला. एन्योनामने जाळ पेटवला होता, तिला हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती. त्याने नेहमीप्रमाणे माझ्या पोटावर तळवा ठेवला.

"एन्यो, आज धूळ फार उठलीय का गं?"

"नाही. का?"

"सगळं पांढरं पांढरं दिसतंय. लाकडं पेटवली नाहीस अजून?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो जाळाच्या इतक्या जवळ होता की त्याच्या विजारीच्या काठाला करपल्याचा वास सुटला होता.

"एफो, मागे हो."

"चटका तर बसतोय," तो म्हणाला. "मग आग कुठे आहे?"

बेसा त्या संध्याकाळी गेला. अजून एक म्हातारा गेला. सेलासी राहिला, पण डोळे गेले.

आता गावाने काय केलं ते ऐका. सभा भरवली. कोणाला वाटेल टोग्बेला विचारतील, कोळशाच्या टोपलीला विचारतील. नाही. मला विचारलं. म्हणाले, कचऱ्याचं उकळून पूर्वजांना दिलं, म्हणून ते कोपले. ड्रम बाटला. साली परत उकळायच्या नाहीत. एन्योनाम उभी राहून सांगत होती की निळं विष कोळशाने जात नाही, मी घरोघर सांगितलं होतं. एक जण म्हणाला, "बाई, तू बस."

सेलासी काठी आपटत उठला. "ड्रमाला काय बोलता? मला पेला कोणी दिला ते बोला ना."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आंधळ्याला कोण खाली बघतंय ते दिसत नाही, एवढी त्यांची सोय झाली होती.

मला खाडीच्या चिखलात लोटलं. स्टोव्ह ओफोसू घेऊन गेला, तो परत आला नाही. बायका लाकडावर आल्या. आब्ला आता परत रडत रडत गारी भाजते आणि विनोद करत नाही. सालींचा ढीग पुन्हा वाढला. मी चिखलात पडून होतो आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. खेकडे यायचे. शांत होतं.

मग गावाचा मोठा सण आला आणि टोग्बेला आठवलं की गावात दारू नाही. बापाचा ड्रम म्हणजे घराण्याचा, आणि त्या घराण्याचाही मोठा टोग्बेच. एन्योनाम माझ्यावर आडवी पडली. दोघांनी तिला उचलून बाजूला ठेवलं. मला बाहेर काढलं, वाळूने घासलं, नळी बसवली, ताडी भरली. बाटलेला ड्रम एका सकाळीत शुद्ध झाला! स्पिरिट काढलं तेव्हा पूर्वज कोपले होते, आता दारूला त्यांची हरकत नव्हती म्हणे. लोक पुन्हा माझ्या अंगावर थाप मारतात. "वा! धूर लागत नाही याच्या दारूला."

तर आत्ता माझ्या पोटाखाली जो जाळ आहे तो असला आहे.

सेलासी रोज येतो. त्याला वाट दाखवावी लागत नाही, वासाने येतो. नळीच्या पलीकडे बसतो. आता त्याला कोणी आग्रह करत नाही. आता तोच वाटी पुढे करतो, आणि भट्टीवरचा माणूस घालतो, म्हणतो, "घे रे, आंधळ्याचं आता काय वाईट व्हायचंय?" एन्योनाम धुरातून उठून येते, वाटी हिसकावते, ओतून देते, त्याला हाताला धरून नेते. दुसऱ्या दिवशी परत. तिचेही डोळे आता लाल असतात. धुराने म्हणते ती.

मित्रांनो, शाळेत तुम्हाला असल्या गोष्टी वाचायला देतात ना, जुनी छत्री, फाटकं पुस्तक? ती सगळी शेवटी हात जोडतात की आम्हाला जपा. मी नाही जोडणार. मला जपू नका. मी पत्रा आहे, माझ्यात घालाल ते निघेल. जपायचंच असेल तर "नको" म्हणणाऱ्या माणसाला जपा. तो हात मागे घेतो तेव्हा त्याची बोटं उघडू नका. लग्न असो, मयत असो, समोर तुमचा आजा बसलेला असो. त्या बोटांत केवढं बळ लागलेलं असतं ते ड्रमाला कळलं, तर तुम्हाला कळायला काय हरकत आहे?

आणि कधी आमच्या खाडीकडे आलात, तर एक मोठा खिळा आणि हातोडी घेऊन या. एन्योनामला विचारा, ती शेड दाखवेल. माझा पत्रा तळाला पातळ झालाय, एका घावात आरपार जाईल. मी आवाज करीन थोडा. लक्ष देऊ नका.